टीव्हीचा डबा आतल्या खोलीत नेला की अर्धी चॅनेलं का जातात?

फेब्रुवारीत अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा पलंग आतल्या खोलीत गेला. दोन महिने फारसं उठायचं नाही, तेव्हा टीव्ही आणि त्याचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, हेही आत न्यायचं असं ठरलं. काम तासाभराचं वाटलं होतं. ते नीट मार्गी लागायला जुलै उजाडला.

आमची इमारत विक्रोळीला कन्नमवार नगरात, जुनी, चार मजली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. छत्री, म्हणजे डिश अँटेना, गच्चीवर आहे, तिथून वायर भिंतीच्या बाहेरून खाली उतरते आणि हॉलच्या खिडकीतून आत येते. डबा आत न्यायचा म्हणून त्या खिडकीपाशीच जुन्या वायरीला ११ मीटरचा आणखी एक तुकडा जोडला, सज्जावरून फिरवून आतल्या खोलीच्या खिडकीतून आत घेतला. टीव्ही लागला, अण्णा खूश. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांचं बातम्यांचं चॅनेल गेलं. त्याच्या पुढचं-मागचं दिसत होतं, तेवढंच नाही. मग लक्षात आलं, एकच नव्हे, जवळजवळ निम्मी चॅनेलं गेलीत आणि उरलेली अगदी स्वच्छ दिसताहेत.

कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्यांनी पिन कापून नवी लावली. दुसऱ्यांदा गच्चीवर जाऊन छत्री थोडी हलवली. तिसऱ्यांदा मीटर लावून "सप्लाय बरोबर आहे, डबा बदलायला लागेल" म्हणाले. प्रत्येक वेळी आठवडाभर सगळं व्यवस्थित, मग पुन्हा तेच. त्या माणसाला मी दोष देत नाही, दिवसाला किती घरं करायची असतात त्यांना. पण दर भेटीचे पैसे जात होते आणि अण्णा भिंतीकडे बघत पडून होते, म्हणून शेवटी मी स्वतःच मागे लागले. ओळखीपाळखीत विचारलं तर घराघरात हाच अनुभव. डबा हॉलमध्ये असताना वर्षानुवर्षं तक्रार नाही, आतल्या खोलीत नेला की महिन्याभरात सुरू. म्हणून जे सापडलं ते सगळं सविस्तर लिहिते.

आधी हे बघा की निरोप कोणाचा आहे

पडद्यावर "नो सिग्नल" दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो. काळ्या किंवा निळ्या पडद्यावर नुसती अक्षरं इकडून तिकडे फिरत असतील तर तो टीव्हीचा निरोप आहे. टीव्हीला डब्याकडून काहीच मिळत नाही. टीव्ही हलवताना डब्याला टीव्हीशी जोडणारी एचडीएमआयची वायर एक नंबरातून काढून दोनमध्ये लावली जाते आणि रिमोटवर सोर्स मात्र एकच राहतो. तो बदला, झालं. कंपनीचं चित्र, चॅनेलचा नंबर आणि खाली पट्टीत "सिग्नल उपलब्ध नाही" असं दिसत असेल तर डबा आणि टीव्ही दोघं ठीक आहेत. अडचण डब्याच्या मागे, छत्रीच्या दिशेला आहे. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारासाठी.

आणि कृपा करून फॅक्टरी रीसेट करू नका. सगळे पहिलं तेच करतात. रीसेट झाला की डबा सगळं नव्याने शोधायला बसतो. वायरीतच खोट असेल तर त्याला काही सापडत नाही आणि जी निम्मी चॅनेलं दिसत होती तीही जातात. खोली बदलली म्हणून डब्यात काहीही नव्याने भरावं लागत नाही. उपग्रह तोच, छत्री तीच, डब्याला हॉल आणि बेडरूम यातला फरक कळत नाही.

डबा जुन्या जागी नेऊन बघा

हे मी तीन भेटींनंतर केलं, पहिल्या दिवशी करायला हवं होतं. स्विचबोर्डावरून डबा आणि टीव्ही दोन्ही बंद करा, मगच मागची वायर काढा. डबा त्या वायरीतून वर छत्रीला वीज पाठवत असतो. चालू डब्याची पिन काढता-लावताना वायरीतली मधली तार तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर डब्यातला तो भाग जळू शकतो. डबा उचलून जुन्या जागी न्या, जोडलेला तुकडा सोडवा आणि मूळ वायर थेट डब्याला लावा. टीव्ही जड असेल तर शेजाऱ्यांचा छोटा टीव्ही अर्ध्या तासासाठी मागून आणा.

आता मेनूत सिग्नलचं पान उघडा. बहुतेक डब्यांत ते सेटिंग किंवा सिस्टिममध्ये असतं. तिथे दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंथ, म्हणजे सिग्नलचा जोर, आणि एक क्वालिटी, म्हणजे तो किती स्वच्छ आहे ते. बघायची ती क्वालिटी. जी चॅनेलं जात होती त्यातली दोन आणि जी दिसत होती त्यातली दोन, अशा चौघांचे आकडे कागदावर लिहा. मग डबा परत आत न्या, तुकडा जोडा, आणि तेच चार आकडे पुन्हा लिहा.

आमच्याकडे हॉलमध्ये चारही चॅनेलांची क्वालिटी सत्तरच्या वर होती. आत आल्यावर दोन सत्तरच्या वरच राहिली आणि दोन शून्यावर आली. मला सगळ्यात चक्रावणारी गोष्ट ही की शून्य क्वालिटीच्या चॅनेलवरसुद्धा स्ट्रेंथची पट्टी चांगली भरलेली होती. म्हणजे वायरीतून काहीतरी येत होतं, पण हवं ते येत नव्हतं.

जुन्या जागी सगळं ठीक असेल तर छत्रीला हात लावू नका आणि कोणाला लावूही देऊ नका. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम दोन-तीन अंशांची असते. नीट लागलेली छत्री उगाच हलवली तर एका दुखण्याची दोन होतात, आणि मग कोणतं कशामुळे हे कळायचा मार्ग राहत नाही. आमच्या दुसऱ्या भेटीत छत्री हलवल्यावर चित्र आलं ते छत्रीमुळे नव्हे. वर पिन काढून परत घट्ट बसवताना वायर हलली, आणि खालचा जोडही त्या ओढीने हलून काही दिवस नीट टेकला.

अर्धीच का जातात

हे कळलं आणि माझं कोडं सुटलं. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी दोन प्रकारच्या असतात, काही उभ्या कंपनाच्या आणि काही आडव्या. एकाच आकाशात दुप्पट चॅनेलं मावावीत म्हणून ही सोय. छत्रीच्या तोंडाशी सिग्नल टिपणारा जो छोटा भाग, म्हणजे एलएनबी, असतो तो एका वेळी यातला एकच प्रकार खाली पाठवतो. कोणता पाठवायचा हे त्याला डबा सांगतो, आणि ते सांगतो व्होल्टेजने. तुम्ही चॅनेल बदललं आणि ते उभ्या गटातलं असेल तर डबा वायरीवर १३ व्होल्ट सोडतो, आडव्या गटातलं असेल तर १८. एलएनबी स्वतः त्याच विजेवर चालतो. वेगळा प्लग नसतो, जे काही आहे ते त्या एका वायरीतून.

साधारणपणे एलएनबी १४ व्होल्टच्या खाली असेल तर उभं समजतो आणि १६ च्या वर असेल तर आडवं. मधली पट्टी बेभरवशाची. आता समजा वाटेत एक खराब जोड आहे. एलएनबी दीडशे मिलिअँपियरच्या आसपास वीज ओढतो. त्या जोडाचा अडथळा २० ओहम झाला की ०.१५ गुणिले २०, म्हणजे ३ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. डब्याने १८ सोडले, वर पोचले १५. एलएनबीला आज्ञा नीट ऐकूच गेली नाही, तो उभ्यावरच राहिला. डबा आडव्या गटातलं चॅनेल मागतोय आणि वरून उभ्या गटाचा सिग्नल येतोय. म्हणून स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी शून्य. उभ्या गटातली चॅनेलं मात्र मजेत चालू, कारण तिथे १३ चे १० झाले तरी आमचा एलएनबी तग धरून होता.

हवेतल्या ओलाव्याने जोडाचा अडथळा कमी-जास्त होतो. दुपारी सुकलेला असतो तेव्हा चालतं, संध्याकाळी खाडीकडून दमट वारा आला की जातं. आमच्याकडे नेमकं हेच होत होतं.

मीटरने फसवलं ते कसं हेही सांगते, कारण तिसऱ्या भेटीत डब्यावर ठपका त्यामुळेच आला. त्यांनी वरची पिन एलएनबीतून काढून तिथे मीटर लावला. १८ दिसले. पण एलएनबी काढल्यावर वायरीतून वीज वाहतच नाही, आणि वीज वाहत नसेल तर खराब जोडातही व्होल्ट पडत नाहीत. पाणी न सोडता नळाच्या पाइपात कचरा आहे का ते शोधण्यासारखं आहे हे. मीटर खोटं बोलत नव्हता, प्रश्न चुकीचा विचारला होता.

त्यापेक्षा ओहम मोजणं सोपं आणि सुरक्षित. वायर दोन्हीकडून सोडवा, डब्यातूनही आणि एलएनबीमधूनही. हे महत्त्वाचं, एक टोक जरी लागलेलं असेल तरी आकडा निरर्थक येतो. एका टोकाला मधली तार आणि बाहेरचं नट तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. दुसऱ्या टोकाला साधा मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहमच्या रेंजवर ठेवून मधली तार आणि नट यांच्यात मोजा. तीसेक मीटर धड वायर असेल तर तीन-चार ओहमच्या आत यायला हवं. माझ्याकडे १९ आले. मुलाला सांगितलं, खिडकीतला जोड जरा हलव. आकडा १९ वरून ७ वर आला, पुन्हा २६ वर गेला. त्या क्षणी मला कळलं की पाच महिने आपण चुकीच्या जागी बघत होतो.

जोड उघडला तेव्हा

जोड खिडकीच्या बाहेर, सज्जाच्या कडेला होता. दोन पिना एका छोट्या नळीसारख्या जोडणीत बसवून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप उन्हाने सुटून तिचा चिकट राळ झाला होता, बोटांना लागत होता. आत नट पांढरट पडलं होतं. पिन काढली तर जाळीच्या जागी काळी भुकटी हातात आली, आणि मधल्या तारेचं टोक तांबूस नव्हतं, गंजलेलं तपकिरी होतं. तांब्याची तार गंजते कशी, असा प्रश्न मला पडला.

ती तांब्याची नव्हतीच. बाजारातल्या पुष्कळशा वायरींत मधली तार लोखंडाची असते आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा असतो. मुलामा पिन कापताना खरवडला गेला की आतलं लोखंड उघडं पडतं. खाऱ्या हवेत ते टिकत नाही. ओळखायला सोपं आहे. फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढा आणि मधल्या तारेला टेकवा. चिकटलं तर आत लोखंड आहे. मुलाम्याची वायर वाईटच असते असं नाही, उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो म्हणून चित्राला ती चालते. पण वीज वाहायला पूर्ण तार लागते, आणि आपल्याकडे जोड उघड्यावर असेल तर लोखंड नको.

आणखी एक दुखणं त्या ११ मीटरच्या तुकड्यातच निघालं. ती आमच्या जुन्या केबल कनेक्शनची उरलेली बारीक वायर होती. छत्रीसाठी लागते ती आरजी-६, जाड, दुहेरी आवरणाची, आत फॉइल आणि जाळी दोन्ही असलेली. एलएनबीतून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ इतका वर असतो, केबलवाल्याच्या वायरीला त्याची सवय नसते. लोक मात्र नेमकं उलटं समजतात, की वायर लांब झाली म्हणून सिग्नल गेला. चांगल्या आरजी-६ मध्ये १०० मीटरला साधारण २० डेसिबल घट होते, वरच्या टोकाला ३० च्या आसपास. म्हणजे ११ मीटरला दोन ते साडेतीन डेसिबल. एलएनबी पन्नासेक डेसिबलने सिग्नल वाढवून खाली पाठवतो, तेव्हा घरातल्या घरात एक खोली वाढली म्हणून कोणाचा सिग्नल जात नाही. जातो तो जोडाने. त्यामुळे कोणी "लांब वायरीसाठी बूस्टर लावा" म्हणालं तर आधी ओहम मोजा.

मग काय केलं

जोडच ठेवला नाही. एलएनबीपासून थेट आतल्या खोलीतल्या डब्यापर्यंत एकसंध वायर टाकली. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे भडकमकर मार्गावर, चार दुकानं फिरून शुद्ध तांब्याच्या तारेची आरजी-६ घेतली. दुकानदारासमोर चुंबक लावून बघितलं, त्यांनीही काही मनावर घेतलं नाही. मोजून ३८ मीटर लागली, ४० घेतली. दोन मीटर गच्चीवर मोठ्या वेटोळ्यात बांधून ठेवलेत, पुढेमागे पिन खराब झाली तर कापायला वायर हवी म्हणून. वेटोळं लहान करू नका, वायर फार वळवली की आतलं फॉइल फाटतं.

पिन लावायची पद्धत नीट शिकून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच बिघडते. बाहेरचं काळं आवरण दीडेक सेंटिमीटर सोला. जाळी मागे दुमडा, एकही केस पुढे राहता कामा नये. फॉइल काढू नका. आतला पांढरा फेस ब्लेडने कापताना तारेला ब्लेड टेकू देऊ नका, टेकलं तर ओरखडा उठतो आणि तिथूनच पुढे तार तुटते. पिन दाबून बसवल्यावर पांढरा फेस पिनेच्या आतल्या तळाशी सपाट दिसला पाहिजे आणि तार नटाच्या कडेच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर. कमी राहिली तर आत टेकत नाही, जास्त राहिली तर एलएनबीच्या आतल्या पत्तीला वाकवते. मी घरी टाकाऊ तुकड्यावर सहा पिना लावल्या, सातवी मनासारखी झाली, मग वर गेले.

एलएनबीजवळच्या पिनेवर साधी काळी टेप लावू नका. रबराची, ताणली की स्वतःशीच एकजीव होणारी टेप मिळते, ती घ्या. आणि गुंडाळताना खालून वर जा. कौलं शाकारतात तशी, खालची ओळ आधी आणि वरची तिच्यावर चढलेली, म्हणजे पाणी वरून ओघळून जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढा पाण्याला आत बोलावतो.

वायर खिडकीतून आत घेण्याआधी तिला बाहेर एक झोळ द्या. खिडकीच्या पातळीच्या वीतभर खाली उतरवून मग वर वळवून आत घ्या. पावसाचं पाणी झोळाच्या तळाला येऊन तिथेच टपकतं, वायरीवरून सरकत डब्यात येत नाही. जाळीत एकदा पाणी शिरलं की दिव्याच्या वातीसारखं ते आत-आत चढत जातं, मग ती वायर वाळवून उपयोग नाही, टाकावीच लागते.

गच्चीवर जाताना एकटं जाऊ नका, आणि ओल्या कठड्याजवळ तर अजिबात नको. वीज कडाडत असेल तर काम राहू दे, वायरीलाही हात लावू नका. छत्रीची पिन हातात घेताना मुंग्या आल्यासारखं झालं तर टीव्हीचा आणि डब्याचा प्लग भिंतीतून काढा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. त्यावर दुर्लक्ष करण्यात काही शहाणपणा नाही.

पाऊस की वायर

मुंबईत हा घोळ जूनपासून होतो. जोरदार सर आली की चित्र जातं ते वेगळं. छत्रीला येणारा सिग्नल केयू बँडमधला, १०-१२ गिगाहर्ट्झचा, आणि पावसाचे मोठे थेंब तो शोषून घेतात. त्यात सगळी चॅनेलं थोड्याफार फरकाने एकत्र जातात, सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत परत येतात, आणि त्याला घरातून काही इलाज नाही. वायरीतल्या पाण्याचं तसं नसतं. पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांनी चित्र जातं, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी येत नाही, किंवा ठरावीकच चॅनेलं जातात. मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला काही दिवस भरदिवसा ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र गेलं तर घाबरू नका, त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो.

हॉलमध्येही टीव्ही हवा असेल तर

आईला मालिका हॉलमध्ये बघायची होती, म्हणून मध्ये एकदा आम्ही शंभर रुपयांचा स्प्लिटर लावून एकाच वायरीवर दोन डबे चालवून पाहिले. ते का जमत नाही हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल. एक डबा १३ मागतो, दुसरा १८, आणि एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकू शकतो. आईने चॅनेल बदललं की आत अण्णांचं जायचं. दोन डबे हवे तर दोन तोंडांचा एलएनबी लावून तिथून दोन स्वतंत्र वायरी आणाव्या लागतात. दोन्हीकडे एकच चॅनेल चालणार असेल तर डबा हॉलमध्येच ठेवून आत लांब एचडीएमआय वायर नेता येते. दहा मीटरपर्यंत चांगल्या वायरीने अडचण येत नाही, फक्त रिमोटची किरणं भिंतीपलीकडे जात नाहीत, त्यासाठी छोटा एक्स्टेन्डर मिळतो.

छत्रीच दुसऱ्या खिडकीत न्यायची असेल तर

सोसायटीने गच्ची रिकामी करायला सांगितली की हा प्रश्न येतो, रिडेव्हलपमेंटच्या कामात तर सर्रास. मुंबईतून आपल्या कंपन्यांचे उपग्रह ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशावर आहेत, म्हणजे इथून सगळे आग्नेयेच्या अंगाला दिसतात. ८३ अंशांचा जरा दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण ६५ अंश वर. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वरून येतं तो ९३.५ अंशांवर, आग्नेयेला आणि ५७ अंश वर. १०८ अंशांजवळचा जवळजवळ पूर्वेला, पण फक्त ४४ अंश वर. तेव्हा ज्या घराच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला आहेत तिथे खिडकीच्या ग्रिलवर छत्री लावून काहीही मिळणार नाही, कोणीही कितीही आश्वासन दिलं तरी.

समोर उंच टॉवर उभा राहतोय म्हणून धास्ती घेतलेल्यांसाठी एक हिशोब. फ्री डिशच्या कोनात, टॉवर तुमच्या छत्रीपेक्षा ३० मीटर उंच असेल तर तो २० मीटरच्या आत असला तरच आड येतो. १०८ अंशांच्या उपग्रहाला मात्र ३० मीटरवरचाही टॉवर झाकतो. तेव्हा बहुतेकदा टॉवरपेक्षा खिडकीवरचा पत्रा, वरच्या मजल्याचा सज्जा किंवा पावसाळ्यात फोफावलेलं झाड हेच आड असतं. छत्रीचं तोंड बघून अंदाज बांधू नका. आपल्याकडच्या छत्र्या जितकं वर बघताना दिसतात त्यापेक्षा वीसेक अंश अधिक वर बघत असतात. आणि ग्रिल हाताने धरून हलवून बघा. ते हललं तर छत्रीही हलणार, कावळा बसला तरी.

आमच्या घरी आता नवी वायर टाकून पूर्ण पावसाळा गेला. ओहम मोजले तर दीड. आतल्या खोलीत चारही चॅनेलांची क्वालिटी हॉलमध्ये होती तेवढीच आहे. तो चार आकड्यांचा कागद डब्याच्या खाली चिकटवून ठेवला आहे, तारखेसकट. पुढे कधी काही बिघडलं तर येणाऱ्या माणसाला आधी तो दाखवायचा, आणि सांगायचं की वायरीत कुठेही जोड नाही, छत्रीला हात लावण्याआधी वरची पिन उघडून बघा. अण्णा आता काठी घेऊन हॉलपर्यंत येतात, पण टीव्ही आतच राहू दे म्हणाले.